कर्ज चालू असलेले घर बहिणीला भाड्याने देताना

प्रश्न
नोकरीनिमित्त मला दोन वर्षे दुसऱ्या शहरात राहावे लागणार आहे. घरावर गृहकर्ज असून ते फिटायला अजून बारा वर्षे आहेत. धाकटी बहीण आणि तिचे यजमान घराच्या शोधात आहेत, तेव्हा घर बंद ठेवण्यापेक्षा त्यांनाच कमी भाड्यात द्यावे, असा विचार आहे. मात्र कर्जाच्या करारात ‘कर्जदार ही मालमत्ता स्वतःच्या निवासासाठी वापरील’ असे वाक्य आहे. राहणारी सख्खी बहीण असली तरी हे कलम आड येते का? शिवाय बहिणीशी भाडेकरार करायचा म्हणजे परकेपणा वाटतो. तो टाळता येईल का?

उत्तर १
कलम आड येते, कारण नाते तुमचे आहे, बँकेचे नाही. उद्या हप्ते थकले आणि घर विकून वसुली करायची वेळ आली, तर आत राहणाऱ्याकडून ताबा मिळवणे हे बँकेपुढचे पहिले काम असते. म्हणून तिथे कोण राहते, हे तिला आधी कळायला हवे असते. ठरावीक मुदतीसाठी पुष्कळ बँका संमती देतात, काही त्यासाठी शुल्क घेतात किंवा व्याजदर वाढवतात. अर्जात मुदत आणि राहणाऱ्यांची नावे स्पष्ट लिहा आणि संमती लेखीच घ्या. फोनवर मिळालेला होकार पुढे कोणी ओळखत नाही.

उत्तर २
विम्याचा विचार कोणी मांडलेला दिसत नाही, म्हणून लिहितो. माझ्या घरात चुलतभाऊ राहत असताना स्वयंपाकघरातील ओट्याखालचा पाइप रात्री फुटला आणि सकाळपर्यंत लाकडी कपाटे फुगून त्यांची दारे लागेनाशी झाली. दाव्याच्या अर्जात ‘घटनेच्या वेळी घरात कोण राहत होते?’ असा रकाना होता. मी खरे ते लिहिले आणि दावा फेटाळला गेला, कारण पॉलिसी मालक स्वतः राहतो असे धरून काढलेली होती. कंपनीला आधी कळवले असते, तर फार तर हप्ता थोडा वाढला असता.

उत्तर ३
करार टाळू नका. करार कागदावर नसला, तरी ताबा दिला आणि भाडे घेतले की अनेक ठिकाणी कायदा भाडेकरूचे हक्क मानतो. मग मुदत आणि दुरुस्तीचा खर्च यांवरून वाद झाला, तर दाखवायला काहीच उरत नाही. भाडे खात्यावरच घ्या. ते हप्त्यात गेले, तरी करासाठी सहसा उत्पन्नच धरले जाते. व्याजाची वजावट काही ठिकाणी मिळते, मुद्दल फेडीची भाड्यातून सहसा मिळत नाही. भाडे नाममात्र असेल, तर खर्चाच्या वजावटीवरही मर्यादा येऊ शकते, तेव्हा रक्कम ठरवण्याआधी कर सल्लागाराला विचारा. आणि बहिणीचे भाडे एखाद्या महिन्यात लांबले, तरी तुमचा हप्ता थांबणार नाही, एवढी शिल्लक हाताशी ठेवा.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. बँकेला आणि विमा कंपनीला पत्रे लिहिली आहेत. कराराचा विषय मी चाचरतच काढला, तर मुलाच्या शाळाप्रवेशासाठी पत्त्याचा पुरावा म्हणून बहिणीला तो हवाच होता. तीच कसे विचारावे म्हणून गप्प होती.