‘कोबाल्ट ब्लू’तला भाऊ एवढा थंड कसा?

जुळे सोलापूरकर: सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ उशिराच वाचली. घरातल्या पेइंग गेस्टमध्ये भाऊ तनय गुंततो, बहीणही गुंतते. बहीण त्याच्याबरोबर निघून जाते आणि तनय नुसता कुढत बसतो. मत्सर म्हणावा असा मत्सरच नाही. एवढं थंड कुणी असतं का?

रातपाळी: सकाळपासून हे ‘थंड’ डोक्यात बसलंय, म्हणून लिहितोय. पुस्तक २००६चं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम मोडीत निघायला २०१८ उजाडलं. ओरडायचं कुणापुढं? नवराबायकोचं वाजलं की गल्ली गोळा होते, मामा समजूत घालायला येतो. आमचं वाजलं तर ‘मित्रामित्रांत होतंच’ म्हणून लोक मोकळे. सात रस्त्याजवळ आम्ही चार वर्षं एका खोलीत होतो. दोन पोरं म्हटल्यावर घरमालकानं एक प्रश्न विचारला नाही, वर दोन चादरी दिल्या. गड्ड्याच्या जत्रेत तो दुसऱ्याच एकाबरोबर पाळण्यात बसला. मी खाली त्याची पिशवी धरून. रात्री जेवलो नाही तर मावशी म्हणाल्या, पित्त झालं असेल, आलं चावा.

जुळे सोलापूरकर: वाईट वाटलं. पण तुमचं दुःख खरं म्हणून कादंबरी चांगली ठरत नाही.

पूर्वभाग: मत्सर हवा तर तेंडुलकरांची ‘मित्राची गोष्ट’ बघा, १९८१चं नाटक. मित्रा आणि नमा या दोघी, मन्या दळवी, मधे बिचारा बापू. तिथं कुणी थंड नाही.

चाटीगल्ली: ते राहू द्या. ‘कोबाल्ट ब्लू’च्या सिनेमात गोष्ट कोचीला नेली, त्याचं काय? आपल्याकडं पाणी नाही म्हणून? मराठी पुस्तकात सोलापूरचा माणूस आला की ‘का बे’ म्हणून हसवणार आणि जाणार. प्रेमात पडायला पुण्यातलेच.

पूर्वभाग: काय बोलालाव बे! आमच्या घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी. कुठल्या भाषेत प्रेमात पाडणार लेखक?

चाटीगल्ली: तिन्ही! भांडण तेलुगूत, लाडीगोडी कन्नडमध्ये, चिठ्ठी मराठीत. पुण्याच्या लेखकाला जमणार नाही, एवढंच म्हणतोय.

जुळे सोलापूरकर: धागा कशाचा, चाललंय काय?

संसारी: असली थेरं वाचता कशाला? घरात मुलं आहेत.

रातपाळी: आम्हीपण कुणाच्या तरी घरातली मुलंच होतो, साहेब.

संसारी: मी सभ्य भाषेत बोललो होतो.

पूर्वभाग: हो, ‘थेरं’ फारच सभ्य. आमच्या आजीला सांगतो, ती असल्या सभ्यपणावर लाटणं उचलते.

जुळे सोलापूरकर: पुरे. रातपाळी, ‘थंड’ मागे घेतो. ‘गप्प’ म्हणतो. त्या गप्पपणानं तनयचा पहिला भाग मला तरीही रटाळ वाटला, तेवढं माझं राहू द्या. पाळण्याचं पुढं काय झालं?

रातपाळी: काय होणार. उतरला, पिशवी मागितली. दिली.

चाटीगल्ली: आमच्याकडं पाचव्या दिवशी नळ आलाय. भरून येतो, मग कोचीचं बोलू.