पाहुण्यांना पुणं दाखवताना: तुमचे अनुभव

मे आला की पुण्यातल्या घरांत भाचरं, आत्या, मावश्या येऊन थडकतात आणि "आज कुठे नेताय?" हा प्रश्न सकाळच्या चहालाच येतो. शनिवारवाडा, सारसबाग, सिंहगड ही नावं सगळ्यांना पाठ आहेत. प्रत्यक्षात पोरं कुठे रमली, म्हातारी माणसं कुठे टेकली आणि कुठून सगळे लवकर निघाले, ते लिहा. पत्ते आणि वेळा मोबाइलवर सापडतात, त्या नकोत.

*

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजातून आत शिरल्यावर सातवीतल्या भाचीनं विचारलं, "मामा, वाडा कुठंय?" प्रश्न रास्त होता. 1828 च्या आगीत वाडा गेला. उरले तट, दरवाजे आणि जोती. फलक वाचायला ती तयार नव्हती. पण दारावरचे खिळे हत्तीच्या धडकेसाठी आहेत म्हटल्यावर चमकली. मग हत्ती किती उंच, खिळे त्याच्या कपाळाला लागतील का, असा हिशेब बराच वेळ चालला. ‘काका मला वाचवा’ची गोष्ट आमच्या हिनं भरदुपारी सांगून टाकली, त्यामुळे रात्री झोपायचे वांधे झाले, ते वेगळं.

*

केळकर संग्रहालयात मुलांपेक्षा आमच्या सोलापूरच्या आजींना न्या म्हणेन मी. दिवे, अडकित्ते, कुलपं, स्वयंपाकघरातली भांडी बघत त्या अशा सुटल्या की दुसऱ्या कुटुंबातल्या दोन बायका आमच्यासोबतच फिरायला लागल्या. "हे असं धरायचं," म्हणून काचेबाहेरून हातवारे. दिनकर केळकरांनी हे सगळं जमवलं आणि लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्याला दिलं, हे कळल्यावर मात्र आजी म्हणाल्या, "म्हणून एवढं जपलंय."

*

वरच्यांना विरोध नाही, पण आमची दोन्ही कार्टी तिथे पहिल्याच मजल्यावर जांभया देत होती. पेशवे उद्यानात नेऊन फुलराणी या छोट्या आगगाडीत बसवलं. प्रश्न मिटला.

*

आगाखान पॅलेस बघून धाकटी म्हणाली, "एवढ्या छान घरात कोंडलं तर काय बिघडलं?" कमानी, हिरवळ, झाडं, तिचंही खरंच. मग मागच्या बाजूला समाध्यांपाशी नेलं. ऑगस्ट 1942 मध्ये गांधीजींना इथे आणलं, आठवड्याच्या आत त्यांचे सचिव महादेवभाई देसाई गेले आणि 22 फेब्रुवारी 1944 ला कस्तुरबा. दोघंही कैदेतच. पॅलेसमधल्या तसबिरींपुढून ती पळत गेली होती, इथे तारखांची वजाबाकी करत बसली.

*

सिंहगडाबद्दल एकच: पावसाळ्यातला रविवार टाळा. गाडी घाटात अडकते आणि पिठलं-भाकरी मिळेपर्यंत पोरांची भूक मरते. मधल्या वारी, सकाळी लवकर, पायांत दम असेल तर आतकरवाडीकडून चढून. वर मडक्यातलं दही खाल्ल्याशिवाय उतरू नका.

*

पर्वतीच्या 103 पायऱ्या सासऱ्यांच्या गुडघ्यांना झेपणाऱ्या नव्हत्या, म्हणून पाताळेश्वरला गेलो. जंगली महाराज रस्त्यावरचे हॉर्न मागे टाकून आत वळलं की आठव्या शतकातलं, खडकात कोरलेलं लेणं. पुढ्यात गोल नंदीमंडप. काम अर्धवट राहिलेलं आहे, हेच सासऱ्यांना आवडलं. आयुष्यभर बांधकामावर मुकादम होते. कुठल्या खांबापाशी हात थांबला असेल, ते दाखवत राहिले. पुण्यात इतकी वर्षं राहून मी तिथे कधी थांबलेच नव्हते.

*

आमच्या गावाकडच्या मंडळींना विश्रामबागवाडा, लाल महाल, दगडूशेठ, सगळं एका दिवसात हवं होतं. दगडूशेठपर्यंत झालं. जाताना जिल्हा न्यायालयापासून भुयारी मेट्रो धरली होती. ती मुठेच्या पात्राखालून जाते, असं मी सहज बोललो, तर काकू "आपल्या डोक्यावर नदी?" म्हणत छताकडे बघायला लागल्या. लाल महाल राहिला. संध्याकाळी त्यांना परत त्याच मेट्रोनं स्वारगेटपर्यंत जाऊन यायचं होतं. गेलो.