एक्स-रेच्या तुलनेत ‘स्पष्टता’ नेमकी कशाची?

अनुवादक, कर्वेनगर
दोन एक्स-रे यंत्रांच्या तुलनेचा अहवाल मराठीत आणताना मी अडलो आहे. मुळात रिझोल्यूशन (लगतचे बारीक तपशील वेगळे दिसणे), कॉन्ट्रास्ट (उजळ-गडद यांतला फरक) आणि शार्पनेस (कडांची तीक्ष्णता) असे तीन निराळे गुण आहेत. पहिल्या खर्ड्यात मी तिन्हींना ‘स्पष्टता’ लिहिले आणि ‘पहिल्या यंत्राची स्पष्टता चांगली असली तरी स्पष्टता कमी आहे’ असे वाक्य तयार झाले. रिझोल्यूशनसाठी ‘विभेदन’ लिहिले तर तंत्रज्ञांना ते कळेल का?

क्ष-किरण तंत्रज्ञ, रास्ता पेठ
आमच्या खोलीत ‘विभेदन’ कोणी म्हणत नाही. ‘पेशंट हलला’, ‘फिल्म काळी आली’, ‘दाणे आले’ हे आमचे शब्द. फिल्मवर किरण कमी पडले की ती पांढुरकी यायची. डिजिटलमध्ये उजळपणा यंत्र सावरून घेते, पण चित्रात दाणे, म्हणजे बारीक ठिपक्यांची खरखर, दिसतात. रिझोल्यूशन तपासताना शिशाच्या बारीक रेघांची पट्टी ठेवून एका मिलिमीटरमध्ये रेघांच्या किती जोड्या सुट्या दिसतात ते मोजतात. पिक्सेल १५० मायक्रॉनचा, म्हणजे ०.१५ मिलिमीटरचा, असेल तर साधारण ३.३ जोड्या ही त्याची मर्यादा. म्हणून मी ‘सुटेपणा’ सुचवेन.

निवृत्त संस्कृत शिक्षिका, सिंहगड रस्ता
‘सुटेपणा’ ऐकून ढिलेपणाच मनात येतो. ‘भिद्’ म्हणजे फोडणे, वेगळे करणे. लगतच्या दोन रेघा वेगळ्या ओळखण्याला ‘विभेदन’ हाच नेमका शब्द आहे. वापरला नाही तर तो रुळणार कसा?

तंत्रज्ञ
रुळवायला माझी हरकत नाही, परंतु कॉन्ट्रास्टला आपल्याकडे ‘उठाव’ हा शब्द आधीपासून आहे. किलोव्होल्ट, म्हणजे क्ष-किरण नळीचा विद्युतदाब, वाढवले की छातीच्या चित्रात बरगड्यांचा उठाव कमी होतो, हे मी नवशिक्यांना याच शब्दांत सांगतो.

वाचक, कोथरूड
आमच्या वाड्यात आजी ‘छातीचा फोटो’ म्हणायची. किरण, यंत्र आणि चित्र या तिन्हींना ‘एक्स-रे’ म्हणण्यापेक्षा ते बरे होते. शिवाय ‘क्ष-किरण’ हा केवळ उच्चाराच्या साम्यावरून बनलेला शब्द असावा, असे मला वाटते.

शिक्षिका
हे मला मान्य नाही. १८९५ मध्ये या किरणांचा शोध लावणाऱ्या राँटजेन यांनी त्या अज्ञात किरणांना गणितातल्या अज्ञात राशीचे ‘एक्स’ हे अक्षर दिले, आणि मराठी बीजगणितात त्या राशीला आपण ‘क्ष’ मानतो. त्यामुळे इथे उच्चाराचे नव्हे, अर्थाचे भाषांतर झाले आहे.

वाचक
मग गणितात तरी ‘क्ष’च का निवडला? तिथेही उच्चाराचे साम्य नव्हते का?

अनुवादक
‘उठाव’ मी घेतला आहे. शार्पनेससाठी ‘रेखीवपणा’ चालेल का, हे तंत्रज्ञांनी कृपया सांगावे.