मदत हवी आहे: पार्किन्सनची गोळी आणि दुपारचं जेवण, वेळा कशा बसवायच्या?

नमस्कार मंडळी,

आमचे आप्पा निपाणीजवळच्या खेड्यात राहतात, वय ७१. पार्किन्सनसाठी लेवोडोपा-कार्बिडोपाची गोळी चालू आहे. सकाळची गोळी चांगली लागू पडते, गोठ्यात जाऊन म्हशीला वैरण टाकून येतात. दुपारच्या गोळीचा मात्र भरवसा नाही. ताकद यावी म्हणून आईने हुलग्याची आमटी, वर अंडं असं वाढलं की तासाभराने सदऱ्याचं बटण लागत नाही, उंबऱ्यापाशी पाय जागचा हलत नाही. भात-भाजी खाल्ली त्या दिवशी एवढा त्रास नसतो.

कारण वाचून थोडंफार उमगलं. पार्किन्सनमध्ये मेंदूत डोपामीन हे रसायन कमी पडतं, पण ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, म्हणून लेवोडोपा देतात; मेंदूत त्याचं डोपामीन होतं. तो स्वतः एक अमिनो आम्लच आहे, म्हणजे प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्या जातीचा. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशींवर लॅट-१ नावाचं वाहक प्रथिन असतं (१९९८ मध्ये ते ओळखलं गेलं), ते त्याला आत नेतं. पण ल्युसीन, फेनिलअ‍ॅलानीन, टायरोसीन, ट्रिप्टोफॅन या जेवणातल्या प्रथिनांतून येणाऱ्या अमिनो आम्लांचंही दार तेच. आमटी-अंडं पचलं की ही मंडळी रक्तात दाटी करतात आणि लेवोडोपा मागे राहतो. आतड्यातही अशीच चढाओढ चालते. आईला वाटायचं, आप्पा मनावर घेत नाहीत. हे समजावून सांगितल्यावर तिचा जीव जरा हलका झाला.

डॉक्टरांनी गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगितली आहे, तसंच करतोय. गोळीचं प्रमाण आम्ही आपल्या मनाने बदलणार नाही. प्रश्न ताटाचा आहे. डाळ, उसळ, अंडं सगळं रात्रीच्या जेवणात नेऊन दिवसा हलकं खायचं, असं कुणाच्या घरी केलंय का? मग रात्री कूस बदलताना, लघवीला उठताना अंग जास्त आखडलं का? आणि ज्वारीची भाकरी? ज्वारीत ल्युसीन बरंच असतं, आणि आमच्याकडे दोन्ही वेळा भाकरीच. ती दुपारी कमी करावी का?

प्रथिनं एकूण कमी करायची नाहीत, आप्पांचं वजन आधीच उतरलंय.

पार्किन्सनच्या रुग्णांचा आहार बघणारे कुणी आहारतज्ज्ञ माहीत असतील तर कृपया सांगा. बेळगावपेक्षा कोल्हापूर आम्हाला जवळ, पण दोन्हीकडे जाऊ. मराठीत समजावणारे असतील तर फार बरं, कारण चूल आईच्या हातात आहे आणि तिला कन्नड जेमतेम येतं.