थँक्सगिव्हिंगच्या शनिवारी छोट्या कॉलेजांचं प्लेऑफ फुटबॉल: शिकागोजवळ कुठे जावं? (चौघं, १२० डॉलर)

ऑरोराकर · ९ नोव्हेंबर २०२४
नमस्कार मंडळी. साडू, मेहुणी आणि त्यांचा अकरावीतला मुलगा २५ तारखेला कोल्हापूरहून आमच्याकडे शिकागोजवळ ऑरोराला येताहेत. १ डिसेंबरला ते पुढे न्यू जर्सीला जाणार. पोराला अमेरिकन फुटबॉल मैदानात बसून बघायचंय. एनएफएल (व्यावसायिक लीग) नको, खिशाला झेपत नाही. डिव्हिजन ३ चे, म्हणजे छोट्या कॉलेजांच्या गटाचे, प्लेऑफ (बाद फेऱ्या) त्याच सुमारास असतात आणि ते कॉलेजच्या मैदानांवरच होतात असं वाचलं. कुठे जावं, कुठे बसावं, कोणत्या खेळाडूवर नजर ठेवावी? बायको येणार नाही, म्हणजे आम्ही चौघं. तिकीट, प्रवास, खाणं सगळं धरून बजेट १२० डॉलर. त्यावर एक पैसा नाही.

बेअर्सभक्त
अहो, पाहुणे एवढ्या लांबून येणार आणि तुम्ही त्यांना कॉलेजची पोरं दाखवणार? सोल्जर फील्डला, शिकागो बेअर्सच्या मैदानावर न्या. आयुष्यभर नाव काढतील.

रेषामित्र
@बेअर्सभक्त, २८ तारखेला बेअर्स डेट्रॉइटमध्ये खेळताहेत. आणि चौघांच्या १२० डॉलरमध्ये सोल्जर फील्डचं पार्किंग आणि हॉट डॉग होईल.

@ऑरोराकर, आधी रचना समजून घ्या, म्हणजे तारीख आपोआप ठरेल. गेल्या वर्षापर्यंत डिव्हिजन ३ च्या प्लेऑफमध्ये ३२ टीम होत्या, यंदापासून ४० आहेत. पहिली फेरी २३ नोव्हेंबरला, पण त्यात फक्त १६ टीम खेळतील, बाकीच्या २४ ना बाय, म्हणजे त्या न खेळताच दुसऱ्या फेरीत. दुसरी फेरी ३० नोव्हेंबर, म्हणजे तुमचा शनिवार. मग ७, १४ आणि २१ डिसेंबर, आणि फायनल म्हणजे स्टॅग बोल ५ जानेवारीला ह्यूस्टनला. फायनल सोडून सगळे सामने वरच्या मानांकनाच्या टीमच्या घरच्या मैदानावर.

तुमच्या अगदी दारात नेपरव्हिलचं नॉर्थ सेंट्रल कॉलेज आहे. २०१९ आणि २०२२ चे विजेते, २०२३ चे उपविजेते, आणि यंदा अजून एकही हार नाही. बाय आणि घरचं मैदान मिळेल असं धरून चालायला हरकत नाही, पण ड्रॉ जाहीर होणार १७ तारखेला, रविवारी. त्याआधी काही बुक करू नका.

मिशिगनमावशी
डिव्हिजन ३ कशाला? तिथे खेळासाठी स्कॉलरशिपच नसते. खरं फुटबॉल बघायचं तर एक पायरी वर, डिव्हिजन २. फेरिस स्टेट २०२१ आणि २०२२ चे विजेते. त्यांचं गाव बिग रॅपिड्स तुमच्याकडून गाडीने चार तास, काही लांब नाही. फक्त मिशिगनमध्ये घड्याळ तासभर पुढे असतं. तिथला एकचा सामना म्हणजे तुमचे बारा, त्यामुळे सकाळी सातच्या आत निघायला हवं.

रेषामित्र
मावशी, जाऊन-येऊन आठ तास आणि पेट्रोल. बजेट वाचलंत का?

आणि स्कॉलरशिपचं म्हणाल तर डिव्हिजन २ मध्ये फुटबॉलला टीममागे ३६ स्कॉलरशिप, त्याही तुकडे करून वाटलेल्या. तिथेही बरीच पोरं अर्धी फी स्वतःच भरतात.

मिशिगनमावशी
पेट्रोल बजेटमध्ये धरायचं नसतं.

जाडजूड_लाइनमन
डिव्हिजन ३ ला नावं ठेवणाऱ्यांनी एवढं बघा. क्विन माइनर्झ विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरचा, २०२१ च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएल टीम कॉलेजची पोरं निवडतात तो) तिसऱ्या फेरीत डेनव्हरने घेतला. अली मार्पेट होबार्टचा, २०१५ ला दुसऱ्या फेरीत. एनएफएलच्या ईगल्सचा कोच निक सिरियानी माउंट युनियनला रिसीव्हर (पास झेलणारा) होता. कॅन्सस विद्यापीठाचा कोच लान्स लायपोल्ड व्हाइटवॉटरला सहा वेळा विजेतेपद जिंकून मगच वर गेला.

बेअर्सभक्त
आणि आपल्या बेअर्सचा टायसन बेजंट शेफर्डचा. डिव्हिजन २. मावशींच्या बाजूने एक गुण.

माउंट_युनियन_जिंदाबाद
विषय निघालाच आहे तर बोलतो. नॉर्थ सेंट्रल वगैरे कालची पोरं. माउंट युनियनची १३ विजेतेपदं. कोच लॅरी केरस यांचा हिशोब ३३२ विजय, २४ हार, ३ बरोबरी. कोणत्याही पातळीवर असा दुसरा दाखवा. पाहुण्यांना ओहायोतल्या अलायन्सला न्या.

जाडजूड_लाइनमन
२००५ ते २०११ सलग सात वर्षं फायनलमध्ये माउंट युनियन विरुद्ध व्हाइटवॉटर. त्यातल्या चार कोणी जिंकल्या ते पण लिहा की.

माउंट_युनियन_जिंदाबाद
उरलेल्या तीन कोणी जिंकल्या ते तुम्ही लिहा.

ऑरोराकर
मंडळी, बजेट १२० आहे. अलायन्स सहा-सात तासांवर आहे.

गरमगादी
बजेट बाजूला ठेवा, आधी बूड सांभाळा. अ‍ॅल्युमिनियमचे बाक असतात, अंगातली सगळी ऊब ओढून घेतात. बॅटरीवर तापणारी गादी घ्या, तीन लेव्हलची, १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवर चालते. माझ्याकडे आहे ती मधल्या लेव्हलवर पूर्ण सामना निघते. एक साठ डॉलरला मिळते.

ऑरोराकर
चौघांच्या चार गाद्या म्हणजे २४० डॉलर.

गरमगादी
सेलमध्ये ४५ ला येते.

थंडीतली_ठमी
गादी कशाला विकत घेताय हो? घरातला फोमचा तुकडा पुरतो, साधा एक इंचाचा. खरी थंडी खालून पायांना लागते. पुठ्ठ्याच्या खोक्याचे तुकडे न्या आणि बुटाखाली ठेवा, बूट थेट धातूला किंवा काँक्रीटला टेकता कामा नयेत. हाताचे वॉर्मर हवेतल्या ऑक्सिजनने तापतात, म्हणून पाकीट १५-२० मिनिटं आधी फोडायचं. फोडल्या फोडल्या घट्ट बुटात कोंबलं तर हवा मिळत नाही, मग ते कोमट राहतं आणि लोक म्हणतात वॉर्मर खराब निघाला. बूट ढिले हवेत. दोन जाड मोजे घालून घट्ट झालेल्या बुटापेक्षा एक लोकरीचा मोजा आणि ढिला बूट बरा. फोन आतल्या खिशात, नाहीतर थंडीत बॅटरी धडाधड उतरते आणि तिकीट असतं त्याच फोनवर. तिकिटाचा स्क्रीनशॉट दोघांच्या फोनवर ठेवा.

कोल्हापूरहून येणाऱ्यांना "जॅकेट आणा" एवढं सांगून भागणार नाही. वाऱ्यासाठी वरचा थर वेगळा लागतो.

शिकागोची_चिमणी
नेपरव्हिलला जा. नॉर्थ सेंट्रल. कुणीच कसं सुचवलं नाही?

रेषामित्र
चिमणीताई, दुसऱ्याच प्रतिसादात सुचवलंय.

शिकागोची_चिमणी
हो का. पण ट्रेनचं कुठे लिहिलंय? ऑरोराहून मेट्रा लोकलची बीएनएसएफ लाइन. ऑरोरा, रूट ५९, नेपरव्हिल, एवढीच स्टेशनं. शनिवारचा डे पास ७ डॉलर. स्टेशनपासून स्टेडियम चालत पंधरा-वीस मिनिटं. शनिवारी गाड्या कमी असतात, परतीची आधी बघून ठेवा. सामना ओव्हरटाइममध्ये गेला आणि गाडी चुकली की प्लॅटफॉर्मवर तासभर कुडकुडायचं.

रेषामित्र
हे मात्र कामाचं. चला, हिशोब मांडतो. तिकीट साधारण १०-१५ डॉलर धरा, चौघांचे जास्तीत जास्त ६०. ट्रेन २८. राहिले ३२, त्यात कॉफी, हॉट चॉकलेट आणि डाउनटाउनमध्ये पिझ्झा. प्लेऑफची तिकिटं एनसीएएच्या (कॉलेज खेळांची संघटना) नियमाने विकतात, कॉलेजचे सीझन पास आणि फुकट पास तिथे चालत नाहीत. बॅग पारदर्शक असेल तरच आत. बाहेरचं खाणं-पिणं बहुतेक ठिकाणी गेटवरच अडवतात, थर्मासातल्या चहासकट. सामना बहुधा दुपारी बाराचा.

बसायचं कुठे: नवखे लोक ५० यार्डाच्या (मैदानाच्या मधल्या) रेषेवर खालच्या रांगा धरतात. पुढे बाजूरेषेवर साठ-सत्तर पोरं उभी असतात, काही दिसत नाही. वरच्या तीन-चार रांगा धरा. २० ते ३० यार्डांच्या मध्ये बसलं तरी चालतं, उलट तिरप्या कोनातून लाइनमधल्या फटी छान दिसतात. दुर्बीण न्यायचीच तर ८ पटीची, १० पटीची हातात थरथरते.

अकरावीचा_मामा
आणि खेळाडू? मूळ प्रश्नाला कुणी हातच लावला नाही.

रेषामित्र
ल्यूक लेनेन, नॉर्थ सेंट्रलचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा गडी. गेल्या वर्षीचा गॅग्लिआर्डी ट्रॉफी विजेता. हा डिव्हिजन ३ च्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार. मिनेसोटातल्या सेंट जॉन्सच्या जॉन गॅग्लिआर्डींच्या नावाचा. कॉलेज फुटबॉलमध्ये सर्वाधिक विजय त्यांच्याच नावावर, ४८९, आणि सरावात टॅकल करायला (पकडून पाडायला) सक्त बंदी. नॉर्थ सेंट्रलकडे ही ट्रॉफी आधीही आली आहे: २०१९ ला क्वार्टरबॅक ब्रॉक रटर, २०२२ ला रनिंगबॅक (चेंडू घेऊन पळणारा) इथन ग्रीनफील्ड.

पण पोराला सांगा, चेंडूकडे बघू नकोस. लेनेन मागे उभा, बाजूला रनिंगबॅक. स्नॅप झाला, म्हणजे चेंडू त्याच्याकडे मागे आला, की बचावाच्या टोकाच्या एका गड्याला मुद्दाम कुणीच ब्लॉक करत नाही. नजर त्याच्यावर ठेवायची, कारण लेनेनही त्यालाच वाचत असतो. तो गडी आत रनिंगबॅकवर झेपावला, की लेनेन चेंडू ओढून घेऊन त्यानेच सोडलेल्या जागेतून बाहेर पळतो. तो जागेवर थांबला, की चेंडू रनिंगबॅकच्या पोटात. अर्ध्या सेकंदाचा निर्णय. मग हुशार बचाव डाव टाकतो: टोकाचा गडी मुद्दाम आत शिरतो आणि त्याच्यामागून लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला) बाहेर वळसा घालून वाट अडवतो. क्वार्टरबॅकला वाटतं बाहेर मोकळं आहे, आणि तिथे हा उभा. हे एकदा दिसलं की पुढचा सामना वेगळाच वाटतो.

एनएफएलच्या क्लिप बघून आलेल्याला दोन गोष्टी आधी सांगून ठेवा. कॉलेजात झेल घेताना एकच पाय मैदानात पुरतो. आणि पळणारा स्वतःहून घसरून पडला, कुणी हात लावला नाही, तरी तो डाउन, खेळी तिथेच संपली. ओव्हरटाइम २५ यार्डांवरून, दोघांना आळीपाळीने. तिसऱ्या ओव्हरटाइमपासून नुसते दोन गुणांचे प्रयत्न, म्हणजे तीन यार्डांवरून एकच खेळी.

जाडजूड_लाइनमन
दोन गुणांच्या प्रयत्नाचं नाव नॉर्थ सेंट्रलसमोर काढू नका. २०२३ ची फायनल, सेलमला, न्यूयॉर्कचं कॉर्टलंड ३८, नॉर्थ सेंट्रल ३७. शेवटी टचडाउन करून एकाने मागे. एका गुणाची किक मारून बरोबरी करायची सोडून दोनसाठी गेले आणि हरले.

माउंट_युनियन_जिंदाबाद
बरोबरच होतं ते. बचाव दमलेला, समोरच्याला थांबवता येत नव्हतं. ओव्हरटाइममध्ये कॉर्टलंडलाच फायदा झाला असता. तीन यार्डांवरून एका खेळीत निकाल लावायचा, हे गणित चुकीचं नाही.

जाडजूड_लाइनमन
गणित बरोबर, ट्रॉफी न्यूयॉर्कला.

मिशिगनमावशी
हार्डिंगचं कुणी बोलेना. २०२३ चे डिव्हिजन २ विजेते, सीझनमध्ये नुसतं पळून ६,००० यार्डांच्या वर. त्यांचा फ्लेक्सबोन (पास क्वचित, जवळपास सगळं पळूनच) बघायला मिळणं आजकाल दुर्मीळ आहे.

ह्यूस्टनकर
५ जानेवारीला सरळ इकडे या, फायनल बघा. मुक्कामाची सोय करतो.

ऑरोराकर
पाहुणे १ डिसेंबरला जाणार, हे पहिल्याच पोस्टमध्ये आहे. एक अडचण आहे: साडूंना दिवसवार बेत आत्ताच हवाय, कारण शुक्रवार-शनिवारमधला एक दिवस मेहुणीची खरेदी आहे. १७ तारखेपर्यंत थांबायचं, आणि त्यातून सामना लांब निघाला तर?

रेषामित्र
आठ दिवसांचा प्रश्न आहे. धीर धरा. नॉर्थ सेंट्रल नाहीच जमलं तर व्हाइटवॉटर दोन तासांच्या आत आहे.

अकरावीचा_मामा
एवढी खात्रीच हवी असेल तर मग शाळेच्या पोरांच्या फायनल बघा! इलिनॉयच्या हायस्कूल फायनल गेल्या वर्षापासून नॉर्मल नावाच्या गावी, हॅनकॉक स्टेडियममध्ये. २९ आणि ३० नोव्हेंबर, दगडावरची रेघ. शुक्रवारी १ए ते ४ए, शनिवारी ५ए ते ८ए (शाळांच्या आकाराप्रमाणे गट), रोज चार सामने, पहिला सकाळी दहाला. (हे टोमणा म्हणून लिहितोय, सल्ला म्हणून नाही.)

ऑरोराकर · १२ नोव्हेंबर
मंडळी, सगळ्यांचे आभार. नॉर्मलला जातोय, शुक्रवारी. जाऊन-येऊन साधारण २४० मैल, आठ गॅलन पेट्रोल, तिकिटं धरून बजेटात बसतं. भाच्याला विचारलं, म्हणाला माझ्याच वयाची पोरं खेळताना बघायचीत. शनिवार खरेदीला मोकळा.

रेषामित्र
अहो, देशातली बहुधा सर्वोत्तम डिव्हिजन ३ टीम तुमच्यापासून दोन स्टेशनांवर आहे!

बेअर्सभक्त
यापेक्षा सोल्जर फील्ड परवडलं असतं.

थंडीतली_ठमी
दहापासून रात्रीपर्यंत बसणार असाल तर हातपाय दोन्हींचे वॉर्मर दुप्पट घ्या, दिवसभर पुरत नाहीत. आणि पुठ्ठे विसरू नका.

गरमगादी
चार सामने म्हणजे पॉवर बँक २०,००० ची लागेल.