मदत हवी आहे: 'हर्मिस'चं १९८२चं पाकीट घ्यावं का?

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय, जरा घाईने.

मी युद्धनौकांची टपाल पाकिटं जमवतो, पण सगळा पसारा न मांडता एकाच जहाजाची: ब्रिटिशांची 'एचएमएस हर्मिस', म्हणजेच आपली 'विराट'. १९५९ला रॉयल नेव्हीत दाखल, १९८२च्या फॉकलंड मोहिमेत ताफ्याची प्रमुख नौका, १२ मे १९८७ला आपल्या नौदलात, ६ मार्च २०१७ला मुंबईत निवृत्त आणि २०२०ला अलंगला भंगारात. मामा नेव्हल डॉकयार्डात होते, त्यांच्यामुळे हा नाद लागला.

फोर्टातल्या एका विक्रेत्याकडे दोन पाकिटं पाहिली.

पहिलं छापील, सचित्र. डावीकडे 'हर्मिस'चं रेखाचित्र, त्याखाली जहाजाच्या नावाचा जांभळा रबरी शिक्का. तिकीट साडेपंधरा पेन्सचं: आठवा हेन्री आणि त्याचं 'मेरी रोझ' जहाज. त्यावर पोर्ट्समथचा गोल शिक्का, ५ एप्रिल १९८२, म्हणजे 'हर्मिस' फॉकलंडकडे निघाली तोच दिवस! मागतोय साडेचार हजार. उद्यापर्यंत बाजूला ठेवतो म्हणालाय.

दुसरं अगदी साधं. कोपऱ्यात 'भा.नौ.पो. विराट' (भारतीय नौसेना पोत) असा रबरी शिक्का, पाठवणाऱ्याचा पत्ता 'द्वारा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई ४००००१' (नौदलाच्या जहाजांचं टपाल हाताळणारं कार्यालय), तिकिटावर टपालाचा पुसट शिक्का, त्यात जहाजाचं नाव नाही. हे दोनशेला.

पहिल्याची किंमत रास्त आहे का? आणि दुसऱ्याला 'जहाजाचं पाकीट' म्हणता येईल का? शिवाय मुंबईच्या पावसाळ्यात तुम्ही लोक हे सगळं टिकवता कसं?

दर्यावर्दी:
पहिलं घेऊ नका. 'मेरी रोझ'चं ते तिकीट ब्रिटिश टपालखात्याच्या सागरी वारसा मालिकेतलं, नेल्सन आणि 'व्हिक्टरी' ज्यात आहेत तीच मालिका. ती निघाली १६ जून १९८२ला. ५ एप्रिलला हे तिकीट कुठल्याच खिडकीवर मिळत नव्हतं! दर मात्र चोख जुळतो, कारण त्या फेब्रुवारीपासून पहिल्या वर्गाच्या पत्राला साडेपंधरा पेन्सच लागत. म्हणून भलेभले फसतात. भिंग घेऊन जा. शिक्क्याची शाई तिकिटावरून पाकिटावर सलग उतरलीय की कडेशी तुटलीय? तुटली असेल तर मूळचं तिकीट काढून हे देखणं चिकटवलंय. सलग असेल तर शिक्क्याची तारीखच खोटी.

दुसरं डोळे झाकून घ्या. जहाजाच्या कार्यालयाचा रबरी शिक्का आणि तिकीट रद्द करणारा टपालाचा शिक्का या वेगळ्या गोष्टी. अमेरिकेत १९०८पासून युद्धनौकांवरच टपालघरं आली, त्यामुळे त्यांच्या टपाली शिक्क्यातच जहाजाचं नाव असतं. पुढे १९३०च्या दशकात छंदी मंडळींनी शिक्क्यातल्या आडव्या पट्ट्यांमध्ये बंदरांची आणि प्रसंगांची नावंही घालून घेतली. ती पाकिटं पाहून लोक आपल्याकडेही तसलंच शोधतात आणि हिरमुसतात. आपल्याकडे फ्लीट मेल ऑफिसचा पत्ता आणि जहाजाचा रबरी शिक्का एकत्र पाहायचे. माझ्या मते असं खरोखर टपालातून गेलेलं मळकं पाकीट दहा छापील कव्हरांना भारी.

चौकटराणी:
टिकवण्याबद्दल: बाजारातले पीव्हीसीचे पारदर्शक खिसे अजिबात नकोत, वर्षा-दोन वर्षांत चिकट होतात. पॉलिएस्टरचे घ्या. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, सिलिका जेल ठेवा आणि पावसाळा संपला की एकदा सगळं सावलीत उघडून बघा, नाहीतर तपकिरी ठिपके धरतात. लॅमिनेशन करणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

मूळ धागाकर्ता:
दर्यावर्दीकाका, भिंग घेऊन गेलो. शाई तिकिटाच्या कडेशी थांबते आणि पाकिटावर अर्धा मिलिमीटर सरकून पुन्हा सुरू होते. तारीख दाखवल्यावर गृहस्थ म्हणाले, "मग तीनशेला न्या." नाही नेलं.

'विराट'चं घेतलं. आत घरी लिहिलेलं पत्र निघालं, ते वाचलं नाही. नाव-पत्ता झाकून पाकिटाचा स्कॅन टाकतो, टपालाच्या शिक्क्यातलं वर्ष लागतंय का बघा. मला ९१ किंवा ९७ वाटतंय.