गाळ्यावरच्या सगळ्या टेक्स्ट फाइली पायथनमध्ये एकदम कशा वाचू?

प्रश्न: वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात मामाचा गाळा आहे. रोजची आवक तो नोटपॅडात लिहितो. तारखेला एक फाइल, नाव नुसतं १, २, ३. अख्खं फोल्डर वाचायचंय. पण 'कांदा'च्या जागी भलतीच चिन्हं येतात आणि १ नंतर थेट १०!

उत्तर १: विंडोज ना? मग फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं फाइलीत साठवायची पद्धत) स्वतः सांग: 'यूटीएफ-८-सिग'. नोटपॅड कधीकधी सुरुवातीला अदृश्य खूण घालतो, तीही याने गळते. फाइली पाथलिब या पायथनच्या मॉड्यूलमधल्या ग्लॉबने (फोल्डरमधल्या फाइली शोधून देतं) गोळा कर. ओएस-लिस्टडिरच्या भानगडीत पडू नकोस, ते नुसती नावं देतं, फोल्डरचा पाथ आपणच जोडत बसावं लागतं.

उत्तर २: सॉर्टेडला (क्रम लावणारं फंक्शन) नाव म्हणजे अक्षरंच, म्हणून १०चा नंबर २च्या आधी. त्याच्या 'key'मध्ये (क्रम कशावरून लावायचा ते) स्टेमचा, म्हणजे एक्स्टेंशन सोडून उरलेल्या नावाचा, इंट (पूर्णांक) दे. आणि मामांना सांग, ०१, ०२ लिहा.

प्रश्नकर्ता: जमलं! मामा मात्र शून्य लावायला तयार नाही.